मायला दोन दिवस शहर दाखवायचं तर

पाचोडच्या स्टँडवर मी बसमध्ये चढले तेव्हा माझ्याजवळ एक बॅग होती आणि मांडीवर भाकरीचं गाठोडं. माय खिडकीखाली उभी होती, बसच्या पत्र्यावर हात टेकवून. नऊ वर्षं झाली त्याला. सिल्लोडकडचं सासर सोडून मी माहेरी आले होते आणि माहेरी सात महिने राहिले होते. सात महिन्यांत माझ्या साड्या बॅगेतून निघून कपाटात गेल्या नाहीत. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी ठेव असंही म्हटलं नव्हतं. दादा सोडायला आला नाही, त्याला म्हणे बाजारात काम होतं. काम बाजारात होतं आणि बाजार स्टँडला लागून होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

माय एवढंच म्हणाली, "गाडी हालायच्या आधी भाकर खाऊन घे. नंतर तुला मळमळतं."

मी रडले नाही. लेक गाव सोडताना रडते असं म्हणतात, पण माझं रडणं लग्नातच उरकलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. बस सुटली, मी भाकर काढली आणि शेजारच्या बाईला विचारून ठेचा मधोमध ठेवला. आम्ही दोघींनी खाल्लं. बसच्या पाटीवर तेव्हा शहराचं जुनं नाव होतं, आता नवं आहे. आमच्या गावातले लोक तेव्हाही नुसतं "शहरात गेली" म्हणायचे आणि आताही तेवढंच म्हणतात, फक्त माझ्या बाबतीत जरा लांबवून म्हणतात.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण सांगते. आपल्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा पुण्यात नोकरीला असलेल्या एका पोरीनं विचारलं, "माय पहिल्यांदा माझ्यासोबत दोन दिवस संभाजीनगरला येतीय, तिला कुठं कुठं नेऊ?" पोरीचं नाव सांगत नाही, ती ओळखेल. तासाभरात याद्या पडल्या. मकबरा, पाणचक्की, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, मॉल, संध्याकाळी एखादं गार्डन, जेवायला अमुक आणि तमुक. एकानं तर दोन दिवसांत अजिंठासुद्धा बसवला होता. याद्या टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मायला त्या किल्ल्यावर चढवलंय, ते मी विचारणार होते. मग म्हटलं, ग्रुपवर भांडण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं. गावात राहिलेल्यांनी वाचावं आणि आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही वाचावं. कुणाला लागलं तर लागलं.

आधी माझी अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. मला मूल झालं नाही. सासरी सहा वर्षं होते, तेवढ्यात माझे वडील चार वेळा आले आणि चारही वेळा ओसरीवर टेकून, स्वतःच्या तांब्यातलं पाणी पिऊन परत गेले. सासू आतून ऐकू जाईल असं बोलायची. वडील ऐकायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि मला म्हणायचे, "सगळं नीट व्हईल बाई." मग ते वारले. लेकीच्या घरचा घास न खाताच गेले. त्या वेळी मला वाटायचं, असेल बाबा, रीत आहे, दुसऱ्याचं घर आहे.

पण मग मी ते घर सोडलं. वाळूजच्या एका कंपनीत लागले. आधी पॅकिंगला, मग मशीनवर, आता क्वालिटीला. उस्मानपुऱ्यात मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक किचन आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, असं घर तीन वर्षांपूर्वी घेतलं. दारावर पाटी लावली, पाटीवर एकट्या माझं नाव. पेंटरनं दोनदा विचारलं, "ताई, साहेबांचं नाव वर टाकू की खाली?" मी म्हटलं, साहेब मीच आहे. आणि इतकं करूनही माय आली की दोन तास बसणार, पदराच्या गाठीतली भाकर काढून खाणार आणि चारची बस धरणार. तीन वर्षांत तीनदा आली. चहाला चालायचं. "च्या काय जेवण हाय का," असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

या थंडीत दादा-वहिनी लग्नाला वहिनीच्या माहेरी गेले आणि माय घरात एकटी पडली, म्हणून तिला पहिल्यांदा दोन दिवसांसाठी मी घेऊन आले. दोन दिवसांची रजा टाकली. नवी चादर आणली. सकाळी जिना चढून ती आत आली, पिशवी जमिनीवर ठेवली आणि त्यातून एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. बाजरीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मीठ आणि औषधाच्या बाटलीत गोडंतेल. मीठसुद्धा!

"तुझं काय नको बाई मला," ती म्हणाली. "जागा तेवढी दे, मी माझं करून घेते."

माझं डोकं फिरलं. पण मी बोलले नाही, स्कूटीची किल्ली घेतली. मनात म्हटलं, माझ्या घरचं खायचं नाही ना? नको खाऊस. या शहरात खायला घालणारे खूप आहेत.

म्हणून पहिली शिफारस: माय आल्या आल्या तिला घरात बसवून ठेवू नका. स्कूटीवर बसवा. माझी माय एका बाजूला पाय टाकून बसली, एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्यानं स्वतःचा पदर धरून. क्रांती चौकाच्या सिग्नलपर्यंत ती देवाचं नाव घेत होती. सिग्नलनंतर तिनं मला सांगायला सुरुवात केली की पुढचा रिक्षावाला नीट चालवत नाही, त्याला ओलांड.

पाणचक्कीला सकाळी जा. पायऱ्या कमी आहेत, मोठ्या झाडाखाली बसायला सावली आहे, आणि जवळपास बाथरूम कुठं आहे ते आधी बघून ठेवा, कारण आपल्या माया विचारत नाहीत, त्या नुसत्या पाणी प्यायचं बंद करतात. बाकीचे लोक हौदासमोर उभं राहून फोटो काढतात. मायला हौदाचं काही नव्हतं. ती जात्यापाशी गेली आणि वाकून ऐकत राहिली. लांबच्या डोंगरातून नहरीनं पाणी आणून ते दगडी जातं फिरवायचे, हे मी तिला सांगितलं. तिनं आयुष्याची तीस वर्षं जातं हातानं ओढलंय. 

"पाण्यानं फिरतंय," मग म्हणाली. "अन् आमचे खांदे गेले की गं."

मग तिनं विचारलं, "ह्या पिठाच्या भाकरी कोण खायचं?"

"फकीर, वाटसरू. जो येईल तो."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि तिथल्या पायरीवर बसून पदराच्या गाठीतली भाकर सोडली. मला अर्धी दिली. मी घेतली. मायच्या घरची भाकर लेकीला चालते, लेकीच्या घरची मायला नाही, हे चावताना माझ्या मनात होतं.

दुपारी गुलमंडी. गाडी लांब लावा आणि चालत जा, पण मायला दुकानांच्या बाजूनं ठेवा. साड्यांच्या दुकानात न्यायची घाई करू नका, तिथं माया अवघडतात, "नको, महाग हाय" एवढंच बोलतात. भांड्याच्या दुकानात न्या. माझ्या मायनं तिथं एक तास काढला, काही घेतलं नाही, पण दुकानदाराला तीन कढयांचे दोष सांगून आली. तो हसत होता. हात जोडून म्हणाला, "मावशी, उद्यापासून दुकानात तुम्हीच बसा."

मग गरम जिलेबी. कोपऱ्यावर एक जण कढईत सोडत होता आणि माय त्याच्या हाताकडं बघत उभी राहिली. मी प्लेट घेतली. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "लई गोड. पर हात चांगला हाय त्याचा."

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिते, कारण लपवून काही उपयोग नाही. मी म्हटलं, "माय, या जिलेबीवाल्याला लेकरं हायेत का, विचारलंस का? नसली तर काय करशील, थुंकून टाकशील?"

तिच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. तिनं ती प्लेटमध्ये परत ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "चल घरी," म्हणाली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं, हेही खरं आहे. कित्येक वर्षं ते वाक्य घशात अडकलं होतं.

मॉलचं सांगायचं राहिलं. नेऊ नका. मी तिचा राग जावा म्हणून परतताना नेलं. सरकत्या जिन्यापुढं ती उभी राहिली आणि म्हणाली, "हा कुठं निघालाय?" तिला कुठंच जायचं नव्हतं. आम्ही परतलो.

त्या संध्याकाळी माझ्या किचनमध्ये जो तमाशा झाला तो शहरातल्या कुठल्याच यादीत नाही. एका बर्नरवर माझा तवा, दुसऱ्यावर तिची डाळ. गॅस माझा, भांडी माझी, नळाचं पाणी माझं, फक्त पीठ आणि डाळ तिची. मी मुद्दाम पिठलं केलं, तिला आवडतं म्हणून, लसूण जास्त घालून, आणि भाकरीही जास्त थापल्या. ती डाळीकडं बघत होती. दोघी शेजारी शेजारी बसून वेगवेगळं जेवलो. मधल्या ताटलीत कांदा होता, तो मी तिच्याकडं सरकवला, तिनं तो परत सरकवला. कांदाही माझा होता ना. शेवटी मला हसू आलं आणि मला हसताना बघून तिलाही आलं, पण तिनं खाल्लं नाही. उरलेल्या भाकरी आणि पिठलं मी झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कंपनीच्या गेटवर नेलं. ही शिफारस कुणीही केली नव्हती, मी करते. तुम्ही कुठंही कामाला असा, हॉस्पिटलात, शाळेत, दुकानात, मायला ती जागा दाखवा. आत सोडत नसतील तर गेट दाखवा. सातला शिफ्ट बदलते. आमच्या बाया बाहेर पडत होत्या, दुसऱ्या आत जात होत्या, सगळ्यांच्या गळ्यात आयकार्ड. सिक्युरिटीवाल्या काकांनी मला बघून "मॅडम, आज तर रजा आहे ना?" म्हटलं आणि मायला बसायला स्वतःची खुर्ची दिली. माय खुर्चीच्या कडेवर बसली.

"तू आत काय करतीस?"

"पार्ट येतात बनून. त्यांना गेज लावून बघते. बरोबर असला तर ओके, नसला तर रिजेक्ट."

"तू म्हणलीस रिजेक, तर ऱ्हातो का तो बाजूला?"

"राहतो. साहेब आला तरी राहतो. माझी सही असते."

"अन् ऐकतात तुझं?"

"ऐकावंच लागतं."

ती गेटकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गावात तर आपलं कुणी ऐकलं नाय कधी." आपलं म्हणाली ती, तुझं म्हणाली नाही. काकांनी चहा मागवला, तिनं तो बशीत ओतून प्यायला.

तिथून मकबरा. ऊन तापायच्या आत जा. चौथऱ्यावर चढायचं असेल तर चपला ठेवायला पिशवी न्या आणि चढायचं नसेल तर चढू नका, खालून सगळं दिसतं. माय चढली नाही. आम्ही बागेच्या कडेला बाकावर बसलो. सहलीला आलेली पोरं कारंज्यांच्या कोरड्या हौदाभोवती पळत होती.

"कुणी बांधलं म्हणतीस?"

"एका शहजाद्यानं. त्याच्या आईसाठी."

"ती गेल्यावर?"

"असलं गेल्यावरच बांधतात."

"जित्तेपणी कधी फिराया नेलं व्हतं का तिला?"

"ते काय माहीत नाय बा."

"मग तूच बरी," ती म्हणाली.

मला काल बोललेलं आठवलं. मी म्हटलं, "माय, काल त्या जिलेबीपाशी मी..."

"बोललीस ते बोललीस." तिनं मला थांबवलं. पायातली चप्पल काढली, पाय बाकावर घेतले. "तुला वाटतं मी भावकीला भेते."

"मग कशाला भेतेस?"

ती पळणाऱ्या पोरांकडं बघत बोलली. "तुझा बाप न खाताच गेला. गावानं तर कवाच सांगून टाकलं की हिला काय व्हणार नाय. दादा बी आता त्या गोष्टीचं नाव काढत नाय. ऱ्हायले मी. मी जर तुझ्या घरी ताटावर बसले, म्हंजी मी बी म्हणले की संपलं. मंग वाट बघणारं कोण ऱ्हायलं तुझ्यासाठी?"

 इतकी वर्षं मला वाटत होतं की ही बाई रीत पाळते आणि मला कमी लेखते. वडील तांब्यातलं पाणी प्यायचे तेव्हाही हेच वाटायचं. आणि ही तर एक एक घास राखून माझ्यासाठी नवस चालवल्यासारखं करत होती. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी भयंकर राग आला. हे मला का सांगितलं नाही? आणि मला विचारलं का नाही?

"माय," मी म्हटलं, "मी अडतीस वर्षांची हाय. नवरा नाय आणि पुन्हा करायचा नाय. आणि लेकरू मला आता नकोय. झालं नाही म्हणून नको असं नाय. नकोय. मी वाट बघत नाय. तू एकटीच बघतीस."

"खरंच नाय बघत?"

"खरंच नाय."

"पहिल्यांदा तर रडायचीस की गं. शेजारच्याचं लेकरू घेऊन बसायचीस."

"तवा मारायचे मला त्याच्यापायी. म्हणून रडायचे."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.   सहलीच्या पोरांना त्यांच्या बाईंनी रांगेत उभं केलं, मोजलं, नेलं, तोवर ती त्यांच्याकडंच बघत होती.

"आता सुखात हायेस?" तिनं विचारलं.

"हाय."

"एकटी?"

"एकटी. सुखात."

तिनं चप्पल पायात घातली. "चल. ऊन झालं."

घरी पोहोचलो तर खालून शेजारच्या वहिनींची हाक, "ताई, पाणी आलं!" आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा आलं तर आलं. देव भेटायला आला तरी त्या वेळी त्याला थांबावं लागेल. मी मायला आत सोडलं, हंडे-बादल्या घेतल्या, पाइप जोडला, टाकी भरली, जिने चढले-उतरले. अर्धा तास गेला असेल. शेवटची बादली घेऊन वर आले तर माय किचनमध्ये जमिनीवर बसली होती. तिची पिशवी कोपऱ्यात तशीच बांधलेली होती. तिच्यापुढं ताट होतं, ताटात माझी कालची शिळी भाकर आणि थंड पिठलं. ती चुरून खात होती.

मी बादली तशीच धरून उभी. पाणी पायावर सांडत होतं.

तिनं वर बघितलं. "मीठ कमी हाय," म्हणाली.

 मी म्हटलं, "माय, शिळी कशाला? मी ताजी टाकते की."

"ताजी पाव्हण्याला टाकत्यात." तिनं कांद्यावर बुक्की मारली. "बस तू बी. अन् बादली खाली ठेव, घर सगळं वलं केलंस."

मी गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले. माझं रडणं लग्नातच उरकलं असं मी वर लिहिलंय. ते चुकीचं होतं, पण खोडत नाही. मग आत येऊन तिच्या ताटात जेवले. मीठ खरंच कमी होतं.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. किचनचं दार लावून खाणं वेगळं. मला खरी धाकधूक चारच्या बसची होती.

स्टँडवर आमची मोठीमाय भेटली, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. शहरात डॉक्टरकडं आली होती, त्याच बसनं परत निघाली होती. सोबत गावातल्या आणखी दोघी. मोठीमायनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी जीन्स, माझ्या हातातलं हेल्मेट. मग मायला विचारलं, "कुठं उतरली व्हतीस गं?"

"लेकीकडं. दोन दिवस."

"अन् जेवणाखाण्याचं?"

मी मायकडं बघितलं नाही. बसच्या टायरकडं बघत राहिले. मनात म्हटलं, आता ती शिध्याची पिशवी दाखवणार. पीठ, डाळ, तेल, सगळं तिच्याच हातात होतं. नुसती पिशवी वर केली असती तरी भागलं असतं आणि गावात तिची मान तशीच राहिली असती. मी तिला मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. त्या गावात रोज तिलाच राहायचंय, मला नाही.

"जेवले की," माय म्हणाली. "संगीच्या घरी."

मोठीमायनं हनुवटीला बोट लावलं. "अगं, पर तिला तर अजून..."

"तिला काय? तिला घर हाय." माय मोठ्यानं बोलत होती, बाजूच्या दोघींना ऐकू जाईल असं. "दिल्या घरी जेवायचं नसतं, हे मला बी ठावं हाय. आपण दिलं व्हतं तिला, आपलंच चुकलं. ती माघारी आली. आता तिला कुणाला दिलेलं नाय. मंग माझ्याच लेकीच्या घरी मी का उपाशी ऱ्हाऊ?"

 कंडक्टरनं बेल मारली. मोठीमाय आधी चढली, मग त्या दोघी, मग माय. खिडकीशी बसून तिनं मला हातानंच "जा, जा" केलं. ती पुढचे दीड तास त्या तिघींच्या मधे बसून जाणार होती आणि मला माहीत होतं, तिला काय काय ऐकावं लागणार ते. ती मान ताठ करून बसली होती. मी स्टँडवर उभी राहून कितीतरी बसगाड्या सुटताना बघितल्यात, पण अभिमान वाटला तो त्या एका बसचा.

तर पोरी, तू विचारलंस म्हणून सांगते. पाणचक्की दाखव, भांड्यांचं दुकान दाखव, तुझं पुण्यातलं ऑफिसही कधीतरी दाखव. मॉल टाळ. पण तुझ्या घरात ती पाहुणी होऊन बसत असेल तर त्यावर आधी भांड. गोड बोलून भांड, टोचून भांड, पण भांड. माया काय मनात धरून बसलेल्या असतात ते आपल्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपण दुखावलेल्या लेकी विचारत नाही. मी सोळा वर्षं विचारलं नाही. आणि गावातल्या माझ्या भावांनो, काकांनो, तुम्ही आम्हाला "शहरात गेली" म्हणता. गेले नाही, आले. मागं जे होतं त्याला मी माहेर म्हणते, सासरही होतं, पण दोन्हीकडं मी कुणाच्या तरी मर्जीनं बसले होते. हे पहिलं ठिकाण आहे जिथं कुणी जेवावं आणि कसं यावं, हे मी सांगते.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, लग्नाहून गावी परतला होता. नऊ वर्षांत त्यानं स्वतःहून केलेला बहुतेक तिसरा.

"माय तुझ्याकडं जेवली म्हणं," तो म्हणाला.

"व्हय."

"गावात लई बोलाया लागलेत."

"बोलू दे."

 त्याच्या मागं टीव्ही चालू होता, वहिनी कुणाला तरी रागावत होती. "पुढल्या महिन्यात मला बी शहरात काम हाय," तो हळूच म्हणाला. "दोन दिवसांचं. येऊ का तुझ्याकडं?"

मी पाचोडच्या स्टँडवरचा तो दिवस विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

"ये," मी म्हटलं. "पण जेवणार असशील तरच ये."